झाडावर कोणी गिरगटलंय?

[पडद्यावर: फिकट राखाडी गुळगुळीत खोड, त्यावर तपकिरी नागमोडी रेघ. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

बघा बरं नीट. पोरांना पहिल्यांदा हे दाखवलं की त्यांना वाटतं कोणीतरी पेननं केलंय, आणि मग लगेच आजूबाजूला बघतात, आता ओरडा कोणाला बसणार म्हणून.

आपण आहोत सिडनीच्या उत्तरेला, कु-रिंग-गाय चेस नॅशनल पार्कमध्ये, १८९४ पासूनचं पार्क आहे हे, आणि समोर जे झाड आहे त्याला इथले लोक स्क्रिबली गम म्हणतात, स्क्रिबल म्हणजे गिरगटणं. निलगिरीच ही! आपल्याकडे निलगिरी म्हटलं की सर्दीचं तेल नाहीतर रस्त्याच्या कडेला रांगेत उभी केलेली सरळसोट झाडं डोळ्यासमोर येतात, पण ती तिकडे बाहेरून नेऊन लावलेली. तिचं माहेर हे, ऑस्ट्रेलिया, आणि इथं तिच्या एकदोन नाही, ७०० हून जास्त जाती आहेत.

आता ही जात काही दिसायला रुबाबदार वगैरे नाही. फार तर १२-१५ मीटर उंच, वाकडीतिकडी, कधीकधी बुंध्यापासूनच दोन-तीन खोडं फुटलेली. खाली सगळा सँडस्टोन, वर वाळूसारखी माती, कस म्हणाल तर जवळपास नाहीच, आणि बाईसाहेबांनी नेमकं तिथंच बस्तान मांडलंय. पुस्तकातलं नाव युकॅलिप्टस हिमास्टोमा, पण पालकांनो, ते नाव पहिल्याच मिनिटाला मुलांच्या डोक्यावर आदळू नका. आधी खोडाला हात लावू दे, खाली पडलेलं पान चुरगाळून वास घेऊ दे, "अगं आई, हे तर विक्ससारखं!" असं कोणीतरी म्हणतंच. कोआला कुठंय हेही विचारतात, तो काय दिवसातले १८-२० तास झोपलेला, दिसला तर नशीब.

[पडद्यावर: रेघेचा क्लोजअप. एका मुलाचं बोट रेघेवरून फिरतंय.]

तर हे गिरगटणं कोणाचं? एका पतंगाच्या अळीचं. पतंग म्हणजे उडवायचा नाही, रात्री दिव्याभोवती येतो तो, पण हा एकदम बारका. मादी जुन्या आणि नव्या सालीच्या मध्ये अंडी घालते, अळी बाहेर आली की नव्या सालीत शिरते आणि आतल्या आत खात सुटते. सुरुवातीला कशीही भटकते, लांबलांब वळणं घेत. मग जरा शिस्त येते, बारीक नागमोडी सुरू होते, आणि पुढं एके ठिकाणी ती चक्क वळते आणि आलेल्या वाटेला खेटूनच दुसरी वाट काढते, बांधाशी बैल वळवून तासाला तास लावतात ना, अगदी तसं. म्हणून रेघ काही ठिकाणी डबल दिसते, मुलांना ते वळण शोधायला सांगा, पाच मिनिटं कोणी हलणार नाही.

आणि खरी गंमत तर पुढंच आहे. झाडाला जखम झाली की झाड ती भरून काढतं, त्या डबल बोगद्यात नवीन, पातळ आवरणाच्या पेशी भरतं. त्या भारी पौष्टिक. अळीला तेच हवं असतं! ती कात टाकते, आतापर्यंत तिला पाय नव्हते ते आता येतात, मग उलटी फिरते आणि स्वतःच्याच वाटेनं मागं खात येते, म्हणजे जखम झाडाची, मलम झाडाचं, आणि जेवण हिचं.

पोट भरलं की ती झाड सोडते आणि बुंध्यापाशी कोष विणते. त्यानंतर थोड्याच दिवसांत वरची जुनी साल गळून पडते आणि तेव्हा कुठं आपल्याला रेघ दिसते. त्यामुळं रेघेत अळी शोधू नका, ती कधीच गेलेली असते.

[पडद्यावर: दोन वेगळ्या झाडांवरच्या रेघा शेजारी शेजारी.]

एक चौकस पोरगं हमखास विचारतं, सगळ्या झाडांवर एकच अळी लिहिते का? चांगला प्रश्न आहे हा, साधा नाही. या पतंगाला १९३५ साली एडवर्ड मेरिक या पतंगांच्या अभ्यासकानं नाव दिलं, ऑग्मोग्राप्टिस स्क्रिब्युला, आणि त्यानंतर कित्येक वर्षं एवढंच माहीत होतं. पुढं कॅनबेरातल्या एका शाळकरी मुलीनं वेगवेगळ्या निलगिरींवरच्या रेघा शेजारी ठेवून बघितल्या, आणि त्या एकसारख्या नाहीत हे तिच्या लक्षात आलं. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी या पतंगांच्या ११ नव्या जाती नोंदवल्या, अळीचं ते मागं फिरणंही तेव्हाच नीट उलगडलं.

म्हणून मोबाइल बाहेर काढाच, पण फोटो रेघेचा घ्या, आणि सोबत झाडाच्या पानाचा न् फळाचा पण, म्हणजे घरी जाऊन जुळवता येईल. साल मात्र सोलायची नाही हं, आत अजून कोणीतरी जेवत असेल.