हिरव्या भुंगेऱ्याचा पत्ता

(पडद्यावर ओला चिखल. कॅमेरा स्थिर.)

आणखी थोडं थांबा. चित्र अडकलेलं नाही.

कॅलिफोर्नियातल्या सोलानो काउंटीमधला हा चिखल. मार्च महिना, ऊन वर आलंय, वारा पडलेला. वारा सुटला असता तर आम्ही आल्या पावली परत फिरलो असतो, कारण ज्याची वाट बघतोय तो असल्या गार वाऱ्यात सहसा बाहेर पडत नाही.

आता डावीकडच्या भेगेपाशी बघा.

गेला.

पहिल्या खेपेला तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतोच. तेच दृश्य आता सावकाश बघू.

(तेच दृश्य, मंद गतीत.)

लांबी जेमतेम सहा मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याएवढी. रंग धातूसारखा चकाकणारा हिरवा, पाठीवर ब्राँझचे ठिपके. काहींच्या पाठीवर ठिपके नसतातच, ते अंगभर हिरवेगार. याचं नाव इलाफ्रस व्हिरिडिस. लॅटिनमध्ये व्हिरिडिस म्हणजे हिरवा. इंग्रजीत त्याला डेल्टा ग्रीन ग्राउंड बीटल म्हणतात, आणि हा डेल्टा म्हणजे सॅक्रामेंटो आणि सॅन होकिन या नद्यांचा. आपण नुसतं हिरवा भुंगेरा म्हणू.

हिरवा, चकचकीत किडा म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना लहानपणी काड्यापेटीत ठेवलेला सोनकिडा आठवेल. पण दोघेही भुंगेरे, एवढंच त्यांचं नातं. सोनकिडा झाडावर बसून पानं कुरतडतो. हा जमिनीवर पळणारा शिकारी आहे. कॅराबिडी हे त्याचं कुल, आणि त्यात जगभरातल्या चाळीस हजारांच्या आसपास जाती येतात. लांब सडपातळ पाय, दोऱ्यासारख्या मिशा, पुढे रोखलेले जबडे, अशी या कुलाची ठेवण. त्यातले बरेचसे रात्री हिंडतात. हा भर उन्हात हिंडतो, आणि त्याचं कारण त्याच्या चेहऱ्यावरच आहे.

(डोक्याचं जवळून दृश्य.)

डोळे बघा. एवढे बटबटीत, की डोळ्यांसकट डोकं मोजलं तर मानेमागच्या ढालीइतकं रुंद भरतं. या डोळ्यांमुळे नवखा माणूस त्याला टायगर बीटल, म्हणजे असाच बटबटीत डोळ्यांचा दुसरा शिकारी भुंगेरा, समजतो. आमचीही पहिल्या दिवशी तीच गत झाली. मग शिकलो की पाठ बघायची. इलाफ्रस प्रजातीतल्या, म्हणजे जवळच्या जातींच्या या गटातल्या, भुंगेऱ्यांच्या कवचपंखांवर गोल खळग्यांच्या रांगा असतात, पेनाच्या टोपणाने ओल्या मातीत ठसे उठवावेत तशा. टायगर बीटलच्या पाठीवर असे ठसे नसतात. शिवाय आपण जवळ गेलो की तो भुर्रकन उडतो, हा मात्र पळतो आणि गवताच्या बुडाशी दडतो.

म्हणजे खळगे दिसले की प्रजाती कळली. जात कळते ती रंगावरून. कॅलिफोर्नियात इलाफ्रसच्या इतरही जाती आहेत, त्यातल्या इलाफ्रस कॅलिफोर्निकससारख्या जातीचा रंग कळकट पितळेसारखा. हिरवा त्यांच्या शेजारी ठेवला तर लहान मूलही वेगळा काढेल.

शेजारी ठेवला तर! तीच तर अडचण आहे. ८ ऑगस्ट १९८० पासून हा भुंगेरा अमेरिकेच्या संघीय कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडायचं नाही, डबीत घालायचं नाही, भिंग लावून उलटासुलटा करायचा नाही. त्यासाठी खास परवाना लागतो. आपण पोटावर झोपून बघायचं, आणि त्याच्या मनात असेल तेवढंच दिसणार. संग्रहालयात टाचणीवर टोचलेला तो ओळखायला पाच मिनिटं लागत असतील. इथे, शेवाळ आणि कोवळ्या पानांच्या हिरव्यात, तो झळाळ पार विरघळून जातो. म्हणून जाणकार आधी रंग शोधतच नाहीत. चाल शोधतात. थोडं पळायचं, थबकायचं, पुन्हा पळायचं. आणि त्याहीआधी ते जागा शोधतात.

जागेचीच तर सगळी गोष्ट आहे.

(जुना टाईप केलेला कागद, पिवळी चिठ्ठी.)

जॉर्ज हॉर्न हे फिलाडेल्फियाचे डॉक्टर. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात लष्करी शल्यविशारद म्हणून ते कॅलिफोर्नियात राहिले होते. पेशा औषधाचा, नाद भुंगेऱ्यांचा. १८७८ साली त्यांनी या जातीचं वर्णन छापलं. हाती नमुना एकच होता, आणि ठिकाण म्हणून नोंद होती ती एका शब्दाची: कॅलिफोर्निया.

कॅलिफोर्निया महाराष्ट्राहून मोठं राज्य आहे. पाकिटावर नुसतं 'महाराष्ट्र' लिहून ते पोस्टात टाकावं, तसाच हा प्रकार. पुढे शहाण्णव वर्षं भुंगेऱ्याला नाव होतं, शास्त्रशुद्ध वर्णन होतं आणि पत्ता नव्हता. मग १९७४ साली डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याला तो इथे, जेप्सन प्रेअरी नावाच्या या माळरानात, दिसला. सोलानो काउंटीबाहेर तो आजवर कुठे पक्का सापडलेला नाही.

(उंचावरून दिसणारं माळरान, मधोमध मातकट पाणी.)

हे ओल्कॉट लेक. नकाशावर तळं म्हणून दाखवलंय, पण ऑगस्टमध्ये आलात तर बूट न भिजवता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाल. इथला पाऊस हिवाळ्यातला. जमिनीत चिकणमातीचा असा थर आहे की पाणी खाली झिरपतच नाही. नोव्हेंबरनंतर ते साचायला लागतं, वसंतात काठाकडून आटत जातं, उन्हाळ्यात सगळं ठणठणीत. कोकणातले सडे किंवा कासचं पठार पावसाळ्यात पाहिलेल्यांना हा खेळ ओळखीचा वाटेल. तिथे जांभा दगड पाणी अडवतो, इथे माती. सड्यांवरच्या डबक्यांत फेअरी श्रिंप नावाची उलटी पोहणारी इवली कोळंबी असते, तिच्या एका जातीला तर सह्याद्रीचंच नाव दिलंय. तिचे भाऊबंद या गढूळ पाण्यातही आहेत.

हिरव्या भुंगेऱ्याला पाणी नको असतं, त्याला पाण्याची कड हवी असते. ओला चिखल, विरळ, बुटकं गवत, मधेमधे उघडी माती. पाणी मागे सरकलं की कडही सरकते, आणि तिच्यामागून हा.

(चिखलावर पांढुरके ठिपके उड्या मारताना.)

कारण त्याचं खाणं तिथे आहे. हे स्प्रिंगटेल. पोटाखाली दुमडलेला काटा चापासारखा सुटतो आणि प्राणी टुणकन दूर उडतो. अशा भक्ष्यावर झडप घालायची तर वासावर विसंबून भागत नाही, हालचाल टिपावी लागते. म्हणून ते डोळे, म्हणून उन्हाची वेळ, म्हणून ते पळणं आणि थबकणं. मघाशी आपण जी लक्षणं ओळखपत्रावरच्या खुणांसारखी एकेक करून बघितली, ती सगळी या एका शिकारीच्या उपयोगाची.

प्रौढ भुंगेरे दिसतात ते साधारण फेब्रुवारीपासून मेच्या मध्यापर्यंत. अळ्या मोकळ्या रानात फारच थोड्या वेळा सापडल्यात. अभ्यासकांचा अंदाज असा, की वर्षाला एकच पिढी होते, आणि उन्हाळा तो जमिनीत, कोषाच्या अवस्थेत काढतो. म्हणजे वर्षातला मोठा काळ तो आपल्या पायाखाली असतो. एप्रिलमध्ये फुलं बघायला इथे माणसं येतात, कडेकडेने पिवळी, निळी वर्तुळं उमटलेली असतात. फोटो काढायच्या नादात कोण कशावर पाय ठेवतंय, हे त्या बिचाऱ्यांना कसं कळावं? म्हणून इथे वाटा आखून दिल्यात.

(काठावर पसरलेली वेल. माणूस वाकून पानं दाखवतो.)

आणि ही वेल बघून आम्ही चकितच झालो. जलपिंपळी! आपल्याकडे नदीकाठी, ओढ्याकाठी सर्रास वाढणारी, घरगुती औषधात वापरली जाणारी. इथे ती उपरी आहे. तळ्याच्या काठावर तिची गादी पसरली की भुंगेऱ्याला लागणारी उघडी, ओली माती झाकून जाते. भूमध्य सागराकडून आलेलं गवत माळावर तेच करतं. त्या गवतावर इथे चक्क मेंढ्या सोडतात. राखीव क्षेत्रात मेंढरं म्हटलं की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात, पण इथे गवत बुटकं ठेवायचं काम त्याच करतात.

ओल्कॉटसारखी तळी या मध्य खोऱ्यात एकेकाळी पसरलेली होती. बहुतेक नांगराखाली गेली, उरलेल्यांतल्या बऱ्याच ठिकाणी घरं आली. जेप्सन प्रेअरीचं राखीव क्षेत्र पंधराशे एकरांच्या आसपास आहे. मोठा वाटतो आकडा. चालायला लागलं की अर्ध्या दिवसात संपतो.

(पुन्हा तोच चिखल. सावल्या लांबलेल्या.)

उन्हं कलली की तो दडेल. हातात अजून दहा-पंधरा मिनिटं असतील.

भेगेच्या उजव्या बाजूला… थांबा, हलू नका. आलाय. जबड्यात काहीतरी धरलंय.