गुडघा उत्तर देतो, पण दुसऱ्या दिवशी

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला की गुडघा आखडलेला असतो. पहिली आठ-दहा पावलं लाकडी पडतात. भिंतीला हात लावत दोन खोल्या फिरून झाल्या की सांधा जरा मोकळा होतो. ज्यांची सकाळ रोज अशी उगवते, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. त्यांचा प्रश्नही बहुतेक वेळा एकच असतो: दुखतंय, तर चालू की बसू?

पुष्कळ जण बसणं पसंत करतात. झिजलेली वस्तू जपून वापरावी, हा हिशोब वरवर बरोबर वाटतो. टायर गुळगुळीत झाला की आपण गाडी कमी काढतो, तसाच. पण टायरला स्वतःचं पोट भरायचं नसतं, सांध्याला ते भरावं लागतं. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण होतं ते सांध्यातल्या वंगणातून. पाय टेकला की कूर्चा दाबली जाते, उचलला की सैल होते आणि ओला स्पंज सोडल्यावर जसं पाणी ओढतो तसं ते वंगण आत ओढून घेते. निरोगी गुडघ्यात हे वंगण चहाचा एक चमचा भरेल इतकंही नसतं. सांधा स्थिर असला की ते घट्टसर असतं आणि हालचाल सुरू झाली की पातळ होतं.

दुसरी गोष्ट स्नायूंची. पाऊल टेकताना बसणारा हिसका आधी मांडीचा पुढचा स्नायू झेलतो. दुखतं म्हणून पाय कमी वापरला की तो स्नायू रोडावतो, मग सगळा भार थेट सांध्यावर येतो आणि दुखणं वाढतं. त्यात आणखी एक खोड आहे. गुडघ्यात थोडी जरी सूज आली, तरी आपली मज्जासंस्थाच या स्नायूला आखडतं घ्यायला लावते. चालता चालता गुडघा एकदम दगा देतो, त्यामागे अनेकदा हेच असतं. हाड मोडलेलं नसतं की काही निसटलेलं नसतं, स्नायू ऐन वेळी हजर राहत नाही.

म्हणजे हालचाल हवीच. खरी गोम आहे ती किती, यात. आणि ते कोणताही एक्स-रे सांगू शकत नाही. चित्रात भरपूर झीज असूनही आरामात जिने चढणारी माणसं असतात, आणि फारशी झीज नसताना हैराण झालेलीही असतात. मात्रा ठरवायचं माप तुमच्या हाताशीच आहे. ते आहे दुसऱ्या दिवशीची सकाळ.

ते वापरायचं असं. दुखण्याला 0 ते 10 असे गुण द्या. 0 म्हणजे काहीच नाही, 10 म्हणजे सहन होणार नाही इतकं. व्यायाम किंवा चालणं सुरू असताना दुखणं 3 पर्यंत गेलं तर चालतं. 4-5 झालं तरी लगेच घाबरायचं कारण नाही, मात्र ते थांबल्यावर दोन तासांच्या आत पूर्वीच्या पातळीवर आलं पाहिजे. सकाळी उठल्यावर सांधा नेहमीइतकाच आखडलेला असेल, तर कालची मात्रा बरोबर होती. नेहमी दहा मिनिटांत मोकळा होणारा गुडघा आज अर्धा तास घेतोय, किंवा वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे भरलेले दिसतायत, तर काल जास्त झालं. अशा दिवशी पूर्ण सुट्टी घेऊ नका. मात्रा अर्ध्यावर आणा.

घोटाळा होतो तो बरं वाटलेल्या दिवशी. आज दुखत नाही म्हणून माणूस राहिलेली सगळी कामं काढतो, चाळीस मिनिटं पायपीट करतो आणि मग तीन दिवस पाय धरून बसतो. चार दिवसांची बेरीज, चाळीस मिनिटं. रोज फक्त बारा मिनिटं चालणाऱ्याची चार दिवसांची बेरीज अठ्ठेचाळीस होते, आणि त्याला झोपून राहावं लागत नाही.

सुरुवात कुठून करायची, तेही मोजता येतं. तीन साधे दिवस निवडा. दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं चालता आलं ते लिहा. समजा 10, 16 आणि 13. सरासरी 13 आली. तिचा साधारण पाऊण हिस्सा, म्हणजे 10 मिनिटं, ही तुमची सुरुवात. आठवडाभर रोज 10च, बरं वाटलं तरी 10च. हे शेवटचं पाळणं सगळ्यात अवघड जातं. पुढच्या आठवड्यापासून एक-दोन मिनिटं वाढवा. एका दमात होत नसेल तर सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं असं तोडून चाला, शरीराला ते सारखंच लागू पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीत आठवड्याला 150 ते 300 मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली आहे, आणि पासष्टीपुढच्या लोकांसाठी ताकदीचे व तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग. आकडा मोठा वाटला तर वाटू द्या. त्याच शिफारशीत, काहीच न करण्यापेक्षा थोडंही बरं, असं स्पष्ट म्हटलेलं आहे.

आता एकच व्यायाम निवडायचा झाला तर आम्ही खुर्चीवरून उठणं-बसणं निवडू. त्याला काही विकत आणावं लागत नाही, आणि खुर्चीतून, पलंगावरून, संडासातून स्वतःचं स्वतः उठता येणं यावर म्हातारपणातलं निम्मं स्वातंत्र्य उभं असतं.

बिनचाकांची, बैठक साधारण 45 सेंटिमीटर उंच असलेली खुर्ची घ्या आणि तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे ती सरकणार नाही. पुढे सरकून कडेजवळ बसा. पावलांत खुब्याइतकं अंतर ठेवा आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. आता कमरेतून पुढे वाका. नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की ढुंगण आपोआप हलकं होतं. त्याच क्षणी पाय जमिनीत रेटून उठा. उठताना मनात दोन अंक मोजा आणि बसताना चार. पाच वेळा करा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा पाच वेळा. एक दिवसाआड करा. दोन आठवडे सकाळची परीक्षा पास होत राहिली, तर दोन्ही वेळा पाचाचे आठ, मग दहा करा.

चुका ठरलेल्या असतात. पावलं फार पुढे राहिली की वजन मागेच राहतं, मग माणूस झोके घेऊन उठायला बघतो आणि धपकन मागे पडतो. गुडघे एकमेकांकडे आत वळले की वाटीखाली कळ येते. दोन्ही गुडघ्यांच्या बाहेरून रबरी पट्टा बांधलाय आणि तो ताणायचाय, अशी कल्पना केली की ते सरळ राहतात. तिसरी चूक बसण्यात होते. शेवटच्या वीतभर अंतरात बहुतेक जण स्वतःला सोडून देतात. नेमकं तिथेच स्नायूला जास्त काम पडत असतं, म्हणून तर बसताना चार अंक. आणि श्वास रोखू नका, रक्तदाब चढतो. अंक मोठ्याने मोजा. बोलताना श्वास रोखताच येत नाही.

उठताना दुखणं 5 च्या वर जात असेल, तर बैठकीवर घट्ट उशी किंवा घडी केलेली चादर ठेवून उंची पाच-दहा सेंटिमीटरने वाढवा. बैठक उंच झाली की गुडघा कमी वाकतो आणि त्याच्यावरचा दाब कमी होतो. त्यानेही भागलं नाही तर हातांचा आधार घ्या, आणि दर आठवड्याला तो थोडा कमी करा. महिन्यातून एकदा परीक्षा घ्या: हात छातीवर बांधून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता ते मोजा. 70 ते 74 या वयात पुरुषांचे 12 पेक्षा कमी आणि स्त्रियांचे 10 पेक्षा कमी झाले, तर पाय सरासरीपेक्षा कमजोर आहेत आणि पडण्याची शक्यता वाढली आहे, असं समजतात. आकडा कमी आला म्हणून खट्टू होऊ नका. तो पुढच्या महिन्याशी ताडायला आहे. ताकद जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि लोक सोडून देतात ते तिसऱ्या आठवड्यात.

ज्यांना खुर्चीवरून उठणंच जमत नाही, त्यांनी पलंगावर सुरुवात करावी. पाय लांब करा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्याने खाली दाबा, पाच सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून दोनदा. मांडीवर हात ठेवून स्नायू टणक होतोय की नाही ते चाचपून बघा. टणक झाला नाही, तर तुम्ही नुसती टाच आपटताय.

जिन्याबद्दल. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, जिना चढताना तिपटीच्या आसपास आणि उतरताना जवळपास साडेतीन पट. म्हणजे चढताना दम लागतो, पण गुडघ्याला जड जातं ते उतरणं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि एक हात कठड्यावर. असं केलं की शरीर वर उचलायचं आणि सावकाश खाली सोडायचं, ही दोन्ही कामं चांगल्या पायाकडे जातात.

काठीचं लोक भलतंच मनाला लावून घेतात. आणि घेतली तर हमखास दुखऱ्या बाजूच्याच हातात धरतात, तिथे ती फारशी कामाची नसते. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात घ्या. दुखरं पाऊल पुढे पडेल तेव्हाच काठीही पुढे पडली पाहिजे. उंची अशी मोजा: बूट घालून सरळ उभे राहा, हात मोकळा सोडा, मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ यावी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. उंच काठीने खांदा वर चढतो, आखूड काठीने माणूस एका बाजूला कलतो. टोकाचं रबरी बूच गुळगुळीत झालं असेल तर ते आधी बदला, कारण ओल्या फरशीवर काठी तिथूनच सटकते.

वजन जास्त असेल तर एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. जमिनीवर चालणं अगदीच सोसत नसेल तर पाण्यात चाला. कमरेएवढ्या पाण्यात शरीराचा भार जवळपास निम्मा होतो, छातीएवढ्या पाण्यात आणखी कमी.

आखडलेल्या सांध्याला व्यायामाआधी पंधरा-वीस मिनिटं शेक द्या. सुजलेल्या, गरम लागणाऱ्या सांध्याला बर्फ, कपड्यात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. मधुमेहामुळे किंवा दुसऱ्या कारणाने कातडी बधिर झाली असेल तर दोन्हीपासून लांब राहा, भाजलेलं कळणारही नाही. वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंड, जठर आणि रक्तदाब बिघडू शकतो, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर धोका आणखी वाढतो, म्हणून त्या विचारल्याशिवाय रोज घेऊ नयेत. शिवाय गोळी घेऊन जास्त चालू नका. गोळीने दुखणं झाकलं जातं आणि आपलं सकाळचं माप खोटं पडतं.

सांध्यातून कटकट आवाज येतो, त्याची भीती पुष्कळांना असते. दुखणं आणि सूज नसेल तर तो आवाज तसाच सोडून द्या.

मात्र काही गोष्टी घरी मोजत बसायच्या नाहीत. सांधा अचानक लालबुंद, गरम झाला आणि अंगात तापही आहे, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पडल्यानंतर पायावर भारच देता येत नाही, एकच पोटरी सुजून दुखतेय, गुडघा अडकून सरळच होत नाही, रात्री पडल्या पडल्याही ठणका थांबत नाही, तेव्हाही थांबू नका. सकाळचं आखडणं तासाहून जास्त टिकत असेल आणि दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजत असतील, तर तो झिजेचा प्रकार नसून आमवात असू शकतो. त्याची औषधं वेगळी असतात आणि ती लवकर सुरू झालेली बरी.

आता राहिली भीती, पडलो तर उठता येणार नाही ही. तिच्यापायी माणसं घराबाहेर पडायची बंद होतात. म्हणून न पडताच, गादीवर, शेजारी एक भक्कम खुर्ची ठेवून उठण्याचा सराव करा. आधी कुशीवर वळा. हातांनी रेटून बसते व्हा, मग हातांवर आणि गुडघ्यांवर या. गुडघ्यांखाली जाड घडी घ्या. तसेच सरकत खुर्चीपर्यंत जा, दोन्ही तळहात बैठकीवर ठेवा. जो पाय जास्त भक्कम आहे, त्याचं पाऊल पुढे आणून जमिनीवर टेकवा. हात आणि तो पाय एकदम रेटून कंबर उचला, वळा आणि खुर्चीत बसा. लगेच उभे राहू नका, चक्कर येते, मिनिटभर बसा. कृत्रिम सांधा बसवलेला असेल किंवा हाडं ठिसूळ असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि पहिल्या वेळी घरातलं कुणीतरी शेजारी उभं असू द्या, मात्र हात धरून ओढायला नको. ओढण्याने खांदा दुखावतो, कधी कधी दोघांचाही.

नमस्कार.