ब्लॅकचा 'बी' मोठा, मग व्हाइटचा 'डब्ल्यू'?

(पडद्यावर रोमन लिपीतली दोन इंग्रजी वाक्यं)

नमस्कार. दोन्ही वाक्यांत 'ब्लॅक' आहे. पहिल्यात बी लहान, कारण ते कॉफीबद्दल आहे. दुसऱ्यात मोठा, कारण ते शिकागोच्या कृष्णवर्णीय मतदारांबद्दल आहे. आपली देवनागरी या भानगडीतून सुटली. पण पुण्यात बसून अमेरिकन क्लायंटसाठी लिहिणाऱ्याची किंवा तिकडच्या विद्यापीठात प्रबंध देणाऱ्याची सुटका नाही.

माणसांसाठी वापरलेल्या या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं लिहायचं का, हा वाद 2020 चा वाटतो, पण तो शंभर वर्षांहून जुना आहे. तेव्हा शब्द होता 'नीग्रो', आणि त्याचा एन लहान छापत. कृष्णवर्णीय अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी 1899 मध्येच एका तळटीपेत लिहून ठेवलं की ऐंशी लाख अमेरिकनांना एका मोठ्या अक्षराचा हक्क आहे. 1926 मध्ये त्यांनी न्यूयॉर्क टाइम्सकडे हीच मागणी केली, ती फेटाळली गेली. मार्च 1930 मध्ये त्याच टाइम्सने एन मोठा केला आणि अग्रलेखात 'लोअर केस'वर कोटी केली. छापखान्यात खिळ्यांच्या दोन पेट्या असत, वरच्या पेटीत मोठी अक्षरं, खालच्या पेटीत लहान. पिढ्यान्‌पिढ्या खालच्या पेटीत ठेवलेल्यांचा स्वाभिमान आम्ही मान्य करतोय, असा त्याचा रोख.

आता 2020. मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला. 19 जूनला असोसिएटेड प्रेस (एपी) या अमेरिकन वृत्तसंस्थेने ब्लॅकचा बी मोठा केला. 20 जुलैला त्यांनीच सांगितलं, व्हाइटचा डब्ल्यू लहानच राहील. एक कारण असं, की गोऱ्यांना कातडीच्या रंगावरून भेदभाव सोसल्याचा सामायिक इतिहास नाही. दुसरं, वंशश्रेष्ठत्ववादी तो डब्ल्यू मुद्दाम मोठा लिहितात. नऊ दिवसांनी वॉशिंग्टन पोस्टने मात्र दोन्ही मोठे केले. इतिहासकार नेल अर्विन पेंटर यांनीही दोन्ही मोठे करण्याची बाजू मांडली. या बाजूचं म्हणणं, डब्ल्यू लहान ठेवला की गोरेपण हेच 'नेहमीचं' ठरतं आणि वंश फक्त इतरांनाच असतो असं वाटतं. मला ही बाजू जास्त पटते. पण तुमचं-माझं मत इथे चालत नाही, क्लायंटची स्टाइल, म्हणजे त्याची लेखन-नियमावली चालते.

म्हणून पहिलं काम, लिहिण्याआधी विचारा: एपी की एपीए? नावं सारखी, नियम वेगळे. एपी म्हणजे वृत्तसंस्था, तिथे फक्त ब्लॅक मोठा. एपीए म्हणजे मानसशास्त्रज्ञांची संघटना. तिच्या लेखन-नियमावलीच्या सातव्या आवृत्तीत दोन्ही मोठे. मानसशास्त्रासारख्या विषयांच्या प्रबंधात बहुधा हीच लागते.

दुसरं, 'फाइंड अँड रिप्लेस'चं 'रिप्लेस ऑल' दाबू नका. 'होल वर्ड्स'ची (पूर्ण शब्दच शोधायची) खूण करायची राहिली की ब्लॅकबोर्डसुद्धा मोठ्या बीने सुरू होतो. ती खूण केली तरी ब्लॅक कॉफी आणि ब्लॅक मार्केट सापडतातच. एकेक जागा थांबून बघा: माणसं असतील तरच बदला, वस्तू किंवा रंग असेल तर पुढे चला. छापील अवतरणं, जुन्या पुस्तकांची नावं यांना हात लावू नका. 1955 चा लेख उद्धृत करताना त्यातला लहान बी लहानच राहतो. तोंडी मुलाखत मात्र तुम्हीच लिहून काढता, तिथे क्लायंटच्या स्टाइलचा नियम लावा.

तिसरं, एका माणसाला नुसतं 'अ ब्लॅक' म्हणू नका. शब्द विशेषणासारखा वापरा, पुढे माणूस, डॉक्टर, मतदार येऊ दे. 'ब्राउन'चा बी एपीत लहानच असतो, आणि तो शब्द शक्यतो टाळायचा.

आणि मराठीत आणताना? 'कृष्णवर्णीय' चालतं. मोठं अक्षर गेलं म्हणून भरपाईला अवतरणचिन्हं घालू नका. 'कृष्णवर्णीय' नेते असं छापलं की वाचणाऱ्याला तो टोमणा वाटतो.