बिस्किटांच्या डब्यातली पदकं

श्रोतेहो, नमस्कार.

२६ जानेवारीला नागपूरच्या कस्तुरचंद पार्कवर परेडला गेलात, तर माजी सैनिक छातीवर पदकं लावून आलेले दिसतात. आपण लगेच म्हणतो, "किती शूर माणूस!" आमच्या मागच्या गल्लीत लष्करातल्या गार्ड्स रेजिमेंटच्या पलटणीतले एक निवृत्त हवालदार राहतात. त्यांनाही मी एकदा हेच म्हणालो. काकाजी हसले. बिस्किटांच्या जुन्या डब्यातून चार पदकं काढून त्यांनी खाटेवर मांडली.

"यात बहादुरीचं एकबी नाही. हे नऊ वर्षं नोकरीचं, हे वीस वर्षांचं. हे काश्मीरचं. अन् हे सियाचीनचं. तिथं बूट घालाले बी दम लागे!"

सेवेचं पदक वेगळं आणि शौर्याचं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. शौर्यातही दोन वाटा आहेत. शत्रूसमोर लढताना दाखवलेल्या शौर्यासाठी परमवीर, महावीर आणि वीर चक्र. रणांगणाबाहेरच्या शौर्यासाठी अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र. कीर्ती आणि शौर्य ही नावं १९६७ची. त्याआधी तिन्ही अशोक चक्रच होती: वर्ग एक, दोन आणि तीन. शौर्याला रेल्वेच्या डब्यासारखे वर्ग लावलेले! नावं बदलली ते बरंच झालं.

सगळ्यांत वरचं परमवीर चक्र दिसायला मात्र अगदी साधं. महावीर आणि वीर चक्र चांदीचं, हे काशाचं. व्यास जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, फीत एकरंगी जांभळी. मधोमध राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं. वज्र म्हटलं की दधीची आलेच: ज्यांनी त्यासाठी स्वतःची हाडं दिली. ही कल्पना सावित्रीबाई खानोलकरांची. जन्माने त्या युरोपातल्या, पण इथे आल्या, मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न करून इथल्याच झाल्या आणि आपली पुराणं आपल्यापेक्षा बारकाईने वाचून बसल्या. योगायोग पाहा, पहिलं परमवीर चक्र मिळालं मेजर सोमनाथ शर्मांना, मरणोत्तर. आणि ते सावित्रीबाईंच्या जावयाचे भाऊ.

आजवर हे पदक २१ जणांना मिळालं, त्यांतल्या १४ जणांना मरणोत्तर. कारवारकडचे रामा राघोबा राणे ते जिवंतपणी घेणाऱ्यांपैकी. १९४८ साली भूसुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना राजौरीची वाट करून दिली.

आपल्या कामठीशीही या पदकाचं नातं आहे. गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर तिथलंच आणि लान्स नायक अल्बर्ट एक्का १४ गार्ड्सचे. १९७१च्या डिसेंबरात आताच्या बांगलादेशातल्या गंगासागरला मशीनगन गप्प करताना ते धारातीर्थी पडले; परमवीर चक्र मिळालं ते मरणोत्तर. एक्कांचं नाव निघालं की काकाजी खाटेवर सरळ होऊन बसतात.

त्या दिवशी त्यांचा नातू तिथेच घुटमळत होता. त्याने सियाचीनचं पदक उचललं, आडवं धरलं, कडेवरून नख फिरवलं. कडेला बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव.

"आबाजी, यावर तुमचं नाव आहे!"

"मंग काय शेजाऱ्याचं राहील?" म्हणत काकाजींनी ते हातातून घेतलं, बनियनच्या टोकाने पुसलं आणि डब्याचं झाकण लावलं.