चिकन-भात शिजवला, पण कॅल्शियम कुठंय? कुत्र्यासाठी घरचं जेवण

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली तुम्ही सगळ्यांनी एकच लावून धरलंय, दादा, चंपीला घरी काय करून घालता ते दाखवा. त्यात सध्या रील्सवर ते ‘पाच मिनिटांत हेल्दी डॉग फूड’ लई चालायलंय. चिकन, भात, गाजर, वरून एक उकडलेलं अंडं, झालं. दिसायला छानच दिसतं. पण त्या भांड्यात एक गोष्ट नसते, आणि तीच बहुतेक घरांत राहून जाते. आज मी मुख्य त्याच्यावरच बोलणार आहे. बाकीचं पटापट उरकतो, ते तुम्हाला जमतंच.

तर आमची चंपी गावठी, मोठी झालेली, नसबंदी झालेली, 20 किलोची. दिवसभर अंगणात आणि ओसरीवर. तिचं दोन वेळचं मिळून खाणं असं: बिनहाडाचं, बिनकातडीचं चिकन 300 ग्रॅम, कोंबडीची कलेजी 30 ग्रॅम, तांदूळ 100 ग्रॅम, एक अंडं, लाल भोपळा, गाजर किंवा गवार मिळून एक वाटी आणि दोन चमचे करडईचं तेल. चमचे म्हणजे चहाचे. वजनं सगळी कच्च्याची. चिकन, कलेजी, तांदूळ, भाजी कुकरला टाका, तीन शिट्ट्या घ्या, निवलं की अंडं कुस्करा, तेल वरून सोडा. करडईच का? तर त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं, कुत्र्याच्या कातडीला आणि केसांना ते लागतंच, आणि घाण्याचं तेल आपल्याकडं गावोगाव मिळतं. कलेजी आवडते म्हणून वाढवू नका, अ जीवनसत्त्व जास्त झालं की तेही बाधतं.

हे सगळं मिळून साधारण साडेनऊशे कॅलरी होतात. तुमचा कुत्रा 40 किलोचा असेल तर हे सरळ दुप्पट करू नका, भूक वजनाच्या पटीत वाढत नाही, थोडी कमीच वाढते. महिन्याला वजन करा आणि बरगडीवरून हात फिरवा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, लांबून मोजता येऊ नयेत.

आता मुद्द्यावर येतो. या भांड्यात कॅल्शियम कुठंय?

नीट बघा. 100 ग्रॅम चिकनमध्ये कॅल्शियम असतं 10-15 मिलिग्रॅम. आणि फॉस्फरस? 200 च्या आसपास. म्हणजे फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट. कुत्र्याच्या शरीराला हे उलटं हवं असतं, कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्त, एकास सव्वा म्हणा. भातात नाही, गाजरात नाही, अंड्याच्या बलकात थोडं असतं, ते पुरत नाही. म्हणजे आपण मायेनं रोज चिकन-भात घालतो आणि रोज फॉस्फरस वाढवत बसतो.

मग शरीर काय करतं? रक्तातलं कॅल्शियम ते कमी होऊ देत नाही, कारण त्याच्यावर हृदय आणि स्नायू चालतात. मानेतल्या छोट्या ग्रंथी हार्मोन सोडतात आणि हाडातून कॅल्शियम ओढून आणतात. म्हणून रक्ताच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल दिसतं, आणि माणूस म्हणतो, दादा, आमचा रिपोर्ट तर चांगला आलाय! रिपोर्ट चांगला येतो कारण हाड झिजायलंय.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. आमच्या गल्लीत एकांनी लातूरकडून कारवानी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं होतं. उंच, सडपातळ, पळायला वारा. घर चांगलं, कशाची कमी नाही. हाड घशात अडकेल म्हणून त्यांनी पहिल्या दिवसापासून फक्त बिनहाडाचं चिकन आणि भात दिला. पिल्लू चार महिन्यांचं झालं आणि पुढचे पाय मनगटातून बाहेर वाकायला लागले. पंजा पसरट पडायला लागला. उचलून घेतलं की कळवळायचं. सगळे म्हणाले, पायरीवरून पडलं असेल. एक्स-रे काढला तर हाडं अशी फिकट, की मांस कुठं संपलं आणि हाड कुठं सुरू झालं ते कळेना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पायाचा नव्हता. त्यांनी विचारलं, खायला काय देता?

ते पिल्लू सावरलं, पण एक पाय थोडा वाकडाच राहिला. दारावरून जातं तेव्हा दिसतो मला.

आता तुमच्या कमेंट्स. सगळ्यात जास्त वेळा आलेली: ‘आम्ही दूध देतो की!’ बरं, हिशोब करू. 20 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 1 ग्रॅमच्या थोडं वर कॅल्शियम लागतं. 100 मिली गाईच्या दुधात असतं 120 मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे जवळपास एक लिटर दूध, रोज. आणि मोठ्या झालेल्या कितीतरी कुत्र्यांना दूध पचतच नाही, दुधातली साखर पचवणारं एन्झाइम वयाबरोबर कमी होतं, मग पोट बिघडतं. दोन चमचे दही दिलं तर चांगलंच आहे, पण ते कॅल्शियमसाठी देतोय असं समजू नका.

दुसरी कमेंट: ‘हाड चघळतो ना, मग मिळतं.’ शिजवलेलं कोंबडीचं हाड उभं चिरतं, त्याच्या सुया होतात, त्या घशात नाहीतर आतड्यात रुततात. आणि चघळण्यातून पोटात किती गेलं ते कुणाला माहीत? कधी काहीच नाही, कधी इतकं की शी दगडासारखी होऊन अडकते.

आणि तिसरी, जी वाचून मी त्या दादांना रात्रीच मेसेज केला: ‘पानाला लावायचा चुना हरभऱ्याएवढा दिला तर?’ नाही. अजिबात नाही. कळीचा चुना तोंड, अन्ननलिका भाजून काढतो. खताच्या दुकानातलं हाडाचं पीठ पण नाही, ते झाडांसाठी आहे, त्याच्यात काय काय आलंय ते पाकिटावर सांगत नाहीत. आणि माणसाच्या कॅल्शियमच्या सिरपमध्ये गोडीसाठी झायलिटॉल असू शकतं. ते कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम पाडतं, लिव्हरवर पण जातं. थेंबभरसुद्धा नको.

मग काय? अंड्याचं टरफल. आपण जे उकिरड्यावर फेकतो तेच. ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट असतं. एका अंड्याचं टरफल भरतं 5-6 ग्रॅम, त्यात कॅल्शियम 2 ग्रॅमच्या आसपास.

हे बघा, असं करायचं. (टरफलं कॅमेऱ्यासमोर धरून) आठवड्याची टरफलं जमवा, धुवा, पाण्यात दहा मिनिटं खळखळ उकळा, जंतू मरतात. मग उन्हात टाका. आपल्या परभणीच्या उन्हात एका दुपारीत कडकडीत वाळतात. वाळलं का हे कसं ओळखायचं? मोडल्यावर टक् असा आवाज आला पाहिजे, आतलं पापुद्र्याचं कातडं लवलवीत राहायला नको. मग मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरवा. आणि इथं सगळे घाई करतात! एकदा फिरवून भांडं उघडतात, रव्यासारखं दिसतं, म्हणतात झालं. नाही झालं. खडबडीत टरफल पचायला जड, टोकं टोचतात ते वेगळंच. थांबत थांबत परत फिरवा, मग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा. माय आमची त्याला वस्त्रगाळ म्हणते, ती सुंठ अशीच करते. गाळलेलं दोन बोटांत चोळून बघा. कण लागला तर परत मिक्सरला. काचेच्या कोरड्या बरणीत भरा.

माप: चंपीच्या दिवसभराच्या खाण्याला चहाचा अर्धा चमचा, सपाट. शीग नाही. कुकरमध्ये नाही, वाढताना मिसळायचं, म्हणजे दोन्ही वेळचं माप चुकत नाही. लहान, 10 किलोच्या कुत्र्याला पाव चमच्यापेक्षा किंचित जास्त.

आणि पिल्लू असेल तर हा चमचा स्वतःच्या मनानं घालू नका. पिल्लाचं आतडं कॅल्शियम नको म्हणू शकत नाही, जेवढं दिलं त्यातलं बरंचसं आत घेतं. मोठ्या जातीच्या पिल्लांमध्ये जास्तीनं पण हाडं बिघडतात. परभणीला आणि उदगीरला, दोन्हीकडं सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांचे दवाखाने आहेत. पिल्लाचं वजन, जात आणि सध्याचं खाणं कागदावर लिहून घेऊन जा.

मोठ्यांसाठी पण एकदा जाच. कारण माझ्या या भांड्यात अजून जस्त, ई आणि ड जीवनसत्त्व, आयोडीन कमीच पडतं. माणसासारखं उन्हात बसून कुत्र्याला पुरेसं ड जीवनसत्त्व बनवता येत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. चंपीला डॉक्टरांनी पावडर लिहून दिलीय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुवैद्यकांनी 2013 साली पुस्तकांतल्या आणि वेबसाइटवरच्या 200 घरगुती रेसिपी तपासल्या होत्या, त्यातल्या 95 टक्के रेसिपींमध्ये कुठला ना कुठला आवश्यक घटक कमी निघाला. पदार्थ आलटून पालटून दिले की भरून निघतं असं आपल्याला वाटतं, तेही त्यात खरं ठरलं नाही, कारण बऱ्याच रेसिपींत तेच तेच घटक कमी होते.

आता भाकरी. ‘आमच्या आजोबांचा कुत्रा भाकरी-दुधावर बारा वर्षं जगला’, ही कमेंट दर व्हिडिओखाली असते आणि मी ती खोटी म्हणत नाही. भाकरी विष नाही. कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या चुलीशी राहिला, आणि लांडग्यात नसेल एवढी पिठूळ पचवण्याची ताकद त्याच्या जनुकांत आली, हे पण 2013 सालच्याच संशोधनात दिसलंय. तांदळाऐवजी ज्वारीची भाकरी कुस्करून खुशाल द्या. पण आजोबांचा कुत्रा दिवसभर शेतात उंदीर, घुशी, पाखरं हाडांसकट खायचा, ते आपण मोजत नाही. आपला कुत्रा साखळीला आहे. त्याला नुसती भाकरी म्हणजे प्रथिनं कमी, आणि त्यातला लायसिन नावाचा गरजेचा घटकही कमी.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. पावसात सापडलेली काळी ज्वारी, बुरशी आलेली मका, खवट शेंगदाणे, ‘आपल्याला नको, कुत्र्याला होईल’ असं म्हणून बाजूला ठेवायची आपल्याकडं सवय आहे. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याचं लिव्हर खातं. भाकरी कितीही कडक भाजा, ते जात नाही. जे आपण खाणार नाही ते त्यालाही नको.

कांदा-लसूण सगळ्यांना माहीत आहे, तरी घोळ होतो तो अळणीत, म्हणजे मटणाच्या बिनतिखट रश्श्यात. ‘तिखट नाही दादा, अळणीच देतो.’ अहो ताई, त्या अळणीत कांदा आहे, आलं-लसणाचं वाटण आहे, मीठ आहे! शिजवल्यानं कांद्याचं विष मरत नाही. तांबड्या पेशी फुटतात आणि लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात, हिरड्या पांढऱ्या, लघवी काळपट, तोवर आपण रस्सा विसरलेलो असतो. मटण फोडणीला जायच्या आधी त्याचा वाटा काढा. येळवसला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात गेलात तर तिथल्या भज्जीचं, त्या मिसळीच्या भाजीचं पण तेच, लसूण असतो. द्राक्षं, मनुका नाही, त्यानं किडनी जाते. त्यातलं टार्टारिक आम्ल हे कारण असावं असं 2021 पासून पुढं आलंय, आणि ते आपल्या चिंचेत भरपूर असतं. म्हणून चिंचेचं सार, आमटी पण नको. चॉकलेट नको.

माळकरी घरातल्या एका काकूंनी विचारलंय, घरात मांस येत नाही, काय करू? काकू, मांजर असती तर मी नाही म्हटलं असतं. कुत्र्याचं जमू शकतं, सोयाबीनच्या वड्या, मूगडाळ, दही, आणि अंडं चालत असेल तर फारच सोपं. पण त्यात डॉक्टरांकडून आखून घेतल्याशिवाय सुरू करू नका. आणि टरफलं कुठून आणायची म्हणाल तर शेजारच्या अंडाभुर्जीच्या गाड्यावर मागा, तो पिशवीभर देईल.

बदल करताना आजपासून एकदम नाही. आठ-दहा दिवस जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळत चला, नाहीतर जुलाब होतात.

शेवटचं, उन्हाळ्याचं. मे महिन्यात आपल्याकडं पारा 43-44 वर जातो, तेव्हा शिजवलेलं भांडं ओसरीवर ठेवून जाऊ नका. सकाळी ऊन चढायच्या आत आणि रात्री गार झाल्यावर वाढा. वीस मिनिटांत खाल्लं नाही तर उचला. फ्रिजमध्ये दोन दिवस, त्याच्या पुढचं डब्यात भरून फ्रीझरला, आणि टरफलाची पावडर त्यात आधी मिसळून ठेवू नका, बरणी ताटलीजवळच असू द्या.