शेंग कुठं फुटली?

येताना रस्त्याच्या कडेच्या वावरातून, मालकाला विचारून, सोंगणीला आलेल्या सोयाबीनच्या चार शेंगा आणल्या. सकाळपासून उन्हात ठेवल्या होत्या. ही एक टेबलावर दाबतो. तड्! एक दाणा पार हजेरीच्या रजिस्टरपाशी गेला, दुसरा इथंच माझ्या चष्म्याजवळ पडला. आता टरफल उचलून खिशात टाकलं आणि बाहेरच्या कुणाला विचारलं, शेंग फुटली कुठं? तो दोन दाण्यांच्या मधोमध बोट ठेवील. आणि चुकेल.

न्यूट्रॉन डिटेक्टरचं, म्हणजे न्यूट्रॉन कुठं आला ते टिपणाऱ्या वायूभरल्या डब्याचं, दुखणं हेच आहे. न्यूट्रॉनवर विद्युतभार नाही, त्यामुळे वायूतून जाताना तो स्वतः माग ठेवत नाही. त्याला गिळणारा अणू लागतो. हेलियम-3 चं केंद्रक मंद न्यूट्रॉन गिळतं आणि फुटतं. एक प्रोटॉन, एक ट्रिटॉन (ट्रिटियम या किरणोत्सर्गी हायड्रोजनचं केंद्रक), एकमेकांच्या नेमके उलट्या दिशेला. प्रोटॉनकडे 573 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा, ट्रिटॉनकडे 191. प्रोटॉन लांब जातो, वाटेत जास्त इलेक्ट्रॉन सुटे करतो, आणि सगळ्या इलेक्ट्रॉनांचा मध्य त्याच्याच बाजूला सरकतो. डब्यात ताणलेल्या आपल्या तारा ते इलेक्ट्रॉन गोळा करून हा मध्य मोजतात. फुटण्याची जागा नाही.

मघाशी मागच्या बाकावरून एकानं विचारलं, ‘सर, मंग तारा जवळ जवळ बांधल्या त?’ प्रश्न रास्त आहे. शार्पाक या भौतिकशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये अनेक तारांचा कक्ष केला, ओएड यांनी 1988 मध्ये तारांच्या जागी काचेवर धातूच्या बारीक पट्ट्या आणल्या. पण नुसतं हेलियम साध्या दाबानं भरलं, तर प्रोटॉनच काही सेंटीमीटर धावतो. दाणा हातभर उडत असेल, तर मोजपट्टीवर मिलिमीटरच्या रेघा असून काय करता? बारीक तारांचं कौतुक मला जरा जास्तच वाटतं.

आधी दाणा थांबवायचा. हीच शेंग कुटाराच्या ढिगावर फोडा, दाणे जागीच रुततात. वायूतलं कुटार म्हणजे कार्बन टेट्राफ्लोराइड हा जड वायू. हेलियमसोबत तो दोन-तीन वातावरण दाबानं भरला की प्रोटॉनची धाव काही मिलिमीटरवर येते. फुकट मात्र काही नाही. दाब वाढला की भांड्याची खिडकी जाड करावी लागते, आणि तीच खिडकी काही न्यूट्रॉन विखरून टाकते.

हेलियम-3 महाग. तो ट्रिटियमच्या ऱ्हासातून मिळतो, आणि ट्रिटियम निम्मं व्हायलाच 12.3 वर्षं लागतात. म्हणून बऱ्याच जणांनी बोरॉन-10 चा पातळ थर धरला. बोरॉनही न्यूट्रॉन गिळून फुटतो. इथं फुटलेला एक तुकडा वायूत येतो, दुसरा उलटा थराकडे जाऊन तिथंच मुरतो. म्हणजे एकच दाणा हाती. तरी यात एक सोय आहे, आणि मला तीच फार आवडते: तुकडा थरातूनच निघाला, हे आधीच ठाऊक असतं. थर मोजणाऱ्या पट्ट्यांच्या समोरच्या बाजूला असतो. थराजवळ सुटलेल्या इलेक्ट्रॉनांना त्या पट्ट्यांपर्यंत सगळ्यांत लांब वाट चालावी लागते, म्हणून ते सगळ्यांत शेवटी पोचतात. तेव्हा सगळ्यांचा मध्य काढत बसायचं नाही. प्रत्येक पट्टीवरची वेळ टिपायची, आणि शेवटी आलेले इलेक्ट्रॉन ज्या पट्टीवर उतरले तिथं बोट ठेवायचं. शेंग तिथं फुटली.