टोपलीचा धागा

(चित्रफीत. कोंबडीचं अंडं, हातमोजे, कात्री)

उबवणीचे ७२ तास पूर्ण झालेत. सिरिंजने थोडं पांढरं ओढून घेतलं, की आतला गर्भ कवचापासून जरा खाली उतरतो. मग कात्री. कवचाची गोल चकती अलगद उचलायची.

हे बघा.

बलकावर पसरलेली लाल जाळी. मधला धडधडणारा ठिपका म्हणजे हृदय. अख्खा गर्भ करंगळीच्या नखावर मावेल एवढा.

(काही सेकंद निवेदन नाही)

जाळीतून वाहतंय ते रक्त. गर्भाच्या पाठीवरून गेलेली ती फिकट नळी पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणार. रक्त आणि चेता, दोन अगदी वेगळी घराणी. पण सुरुवातीला दोघांच्याही पेशींत एकच प्रथिनाचा धागा सापडतो. व्हायमेंटिन.

पेशीला आतून सांगाडा असतो, तीन जातींच्या तंतूंचा. ॲक्टिन बारीक, मायक्रोट्यूब्यूल जाड. मधल्या जाडीचे ते इंटरमीजिएट फिलामेंट, व्हायमेंटिन त्यांतलंच. जाडी मिलिमीटरचा एक लाखावा भाग. पहिल्या दोघांचं कौतुक पुस्तकांत पानोपानी असतं, या तिसऱ्याला एका ओळीत उरकतात. आम्हाला ते पटत नाही. हे तंतू दुपटीहून जास्त ताणले तरी तुटत नाहीत. १९७८ मध्ये जर्मनीत वेर्नर फ्रांके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला नाव दिलं, तेही लवचीक काड्यांच्या विणकामासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. आपला बुरूड टोपली विणतो, तसंच.

(सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचे दोन थेंब)

डावीकडे कोंबडीचं रक्त, उजवीकडे माणसाचं.

कोंबडीची तांबडी पेशी लांबट, आणि मधोमध जांभळा डाग. ते केंद्रक. आपली पेशी गोल, मध्ये खोलगट, आणि आत केंद्रकच नाही.

हा फरक हाडांतल्या मज्जेत पडतो, रक्तपेशी तयार होतात तिथे. कोंबडीची तांबडी पेशी पिकत जाते, तसं तिच्यात व्हायमेंटिन वाढतं. अमेरिकेत कॅल्टेकमध्ये ब्रूस ग्रेंजर आणि एलिआस लाझारिडेस यांनी १९८२ मध्ये या पेशी फोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. केंद्रकापासून आवरणापर्यंत ताणलेले धागे दिसले, आणि त्यांना आडवे बांधणारं दुसरं प्रथिन, सिनेमिन. झोळीत बाळ निजवावं, तसं केंद्रक मधोमध टांगलेलं.

सस्तन प्राण्यांत याच्या उलट घडतं. तांबडी पेशी तयार होताना व्हायमेंटिनचं जनुक मंदावतं, धागे विरत जातात. मगच केंद्रक पेशीबाहेर ढकललं जातं. शेजारची भक्षक पेशी ते गिळून टाकते. आधी दावं सुटतं, मग केंद्रक जातं. हा क्रम आम्हाला पुन्हा पुन्हा बघावासा वाटला, म्हणून इथे गती कमी केली आहे.

(अंधारी खोली. हिरवा आणि लाल प्रकाश)

आता ती पाठीवरची नळी. तिचे पातळ काप काढून त्यांवर रंग जोडलेली प्रतिपिंडं, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे रेणू, टाकली आहेत. हिरवं ते व्हायमेंटिन. नळीच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत उभे हिरवे धागे. या पेशी अजून विभागताहेत. सस्तन प्राण्यांच्या नळीत व्हायमेंटिनसोबत त्याच जातीचं नेस्टिनही असतं. १९९० मध्ये त्याला हे नाव मिळालं, आणि तेव्हापासून चेतांच्या मूळपेशी ओळखायची ती खूण झाली.

कडेचा लाल पट्टा पाहिलात? त्या पेशींनी विभागणं थांबवलंय. त्या चेतापेशी झाल्या. व्हायमेंटिन मागे पडतं, त्याच जातीचं न्यूरोफिलामेंट येतं. इथलं लाल ते हेच. रक्ताने धागा सोडला किंवा घट्ट केला. चेतापेशीने धागाच बदलला.

न्यूरोफिलामेंटमुळे चेतातंतूला जाडी येते, आणि जाड तंतूतून संदेश वेगाने जातो. पण पेशीत तयार झालेला हा माल तंतूभर पोचतो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटरने. तुमच्या कमरेपासून पावलापर्यंतचा चेतातंतू जवळजवळ एक मीटर लांब. हिशेब केला तर सुमारे तीन वर्षं लागतात.

चेतापेशी तुटल्या की न्यूरोफिलामेंट रक्तात उतरतं, आणि मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारांत रक्ततपासणीत ते मोजता येतं.

(दुसरं अंडं, पाचवा दिवस)

हा गर्भ पाच दिवसांचा. डोळा काळा झालाय. पंखाची कळी फुटली आहे. तिच्या बुडाशी लाल रेघा आत शिरताहेत, एक, दोन, आणि ती तिसरी, अजून अर्ध्यावर.